चावीखालची रेती

१. फट

मासे पकडायचा नायलॉनचा दोरा. वरचं टोक भिंतीतल्या खिळ्याला, खालचं टोक दगडात.

निदान दिसत तरी तसंच होतं. थोरा सिगर्डसन उपड्या बादलीवर बसून गेली पाच मिनिटं त्या दोऱ्याकडे बघत होती. दोरा भिंतीला चिकटून सरळ खाली आला होता आणि जिथं घराची भिंत संपून मागच्या दारची काँक्रीटची फरशी सुरू होते, तिथं गडप झाला होता. काल-परवापर्यंत त्या जागी अंगठा जाईल एवढी फट होती. आता राखाडी, खरखरीत पट्टा. फरशीचाच तुकडा वाटावा इतका बेमालूम.

"ओढून बघितलास?"

"मी ओढला, पुतण्याने, डॅरिलने ओढला. तुटेल पण निघणार नाही," हाल्या कोस्त्युक म्हणाली. "तीस वर्षं चावी याच फटीत लटकवतेय मी. कोणाच्या बापाला दिसली नाही."

"आणि फट बुजवायला सांगून तू लेकीकडे गेलीस. चावी आत ठेवून."

"अगं, विसरले. तू नाही विसरत काही?"

"मी चावी खिशात ठेवते."

हाल्याला हसू आलं नाही. एक जूनला ती सास्काटूनला मुलीकडे गेली होती. अठराला, म्हणजे काल, परत आली. पुढच्या दाराची चावी पर्समध्ये होती, तिने घर उघडलं. कुठलंही कुलूप तुटलं नव्हतं, काच फुटली नव्हती. चांदीचे चमचे जागच्या जागी. फक्त तळघरातून पेट्रोचं व्हायोलिन पेटीसकट गेलं होतं. पेट्रो म्हणजे हाल्याचा वारलेला नवरा. चाळीस वर्षं त्याने या व्हर्बा गावातली एकेक वरात त्या व्हायोलिनवर नाचवली होती.

आणि फट बुजवणारा मार्सेल देजार्ले सतरा तारखेला, हाल्या नसताना, एकटाच या चावीपासून वीतभर अंतरावर गुडघे टेकून बसला होता. ते व्हायोलिन मुळात त्याच्या आजोबांचं. एका वाईट हिवाळ्यात आजोबांनी ते पेट्रोला विकलं. मार्सेलने तीनदा परत मागितलं, हाल्याने तीनदा नाही म्हटलं.

"डॅरिलने पोलिसांना फोन केलाय," हाल्या म्हणाली. "उद्या अकराला शिपाई येणार. थोरा, मला ते मार्सेलने नेलं असं वाटत नाही. पण मग वाटावं तरी काय?"

थोरा बादलीवरून उठली. गुडघे वाजले. "आधी तळघर दाखव."


२. खरवड

एकोणतीस वर्षं थोराने विमा कंपनीसाठी ओली तळघरं तपासली होती. त्यातून ती एकच गोष्ट शिकली होती. माणसं खोटं बोलतात, पाणी बोलत नाही. पाणी जिथून जातं तिथं सही करून जातं.

इथली सही भिंतीवर होती. फटीच्या बरोबर खालून एक ओघळ उतरला होता, सुकून पांढरा पडलेला.

"नऊ तारखेचा पाऊस," थोरा म्हणाली. "माझ्याकडे परसात बादली भरली होती. पेटी कुठं असायची?"

हाल्याने भिंतीशी अंथरलेला गालिच्याचा तुकडा दाखवला. त्यावर पेटीच्या आकाराचा काळा डाग उमटला होता, कडेला फुललेला.

"हा नव्हता गं आधी!"

"पेटीचा काळा रंग भिजून सुटलाय." थोराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि जिन्याकडे गेली. लाकडी पायऱ्यांवर काळे ठिपके होते. खालच्या पायरीवर चार, तिच्या वर तीन, मग दोन, मग एकेक. स्वयंपाकघराच्या दाराशी संपले.

ते मोजताना थोराची नजर खिडकीत गेली. व्हायोलेटच्या पाच कुंड्या, पाचही फुललेल्या. तिने एकीत बोट घातलं. माती ओली.

"तू आल्यावर पाणी घातलंस?"

"घातलं कुठलं! आल्यापासून हीच भानगड. डॅरिलला सांगून गेले होते, घालत जा म्हणून."

"चांगला आहे की पुतण्या."

"डॅरिल?" हाल्याने तोंड वाकडं केलं. "तो स्वतःच्या कुत्र्याला पाणी घालत नाही."


३. दोरी

मार्सेल देजार्ले आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर काही न करता बसला होता, आणि हे त्याला जमत नव्हतं.

"शाळेचा फोन आला, मॅडम. सोमवारचं काम जरा थांबवू म्हणाले. 'जरा.' साडेसहाशे माणसांचं गाव हे. बातमी माझ्या आधी माझ्या घरी पोचते." त्याने हात पुसले, हात स्वच्छच होते. "लोक उन्हाळ्यात तळ्यावर जातात, मी त्यांच्या घराभोवती काम करतो. अर्ध्या गावाच्या चाव्या मला माहीत आहेत. उद्या त्या पोलिसाने माझं नाव नुसतं वहीत लिहिलं, तरी मी इथून उठलो समजा."

"चावी सापडली होती?"

"खिळा होता. चावीही नव्हती, दोराही नव्हता. सापडली असती तर दारावर चिकटवून गेलो असतो. फटीत काही ठेवून मी वरून ओतेन?" हा अपमान त्याला चोरीच्या आळापेक्षा जास्त झोंबला होता. "ऐका. आधी खरवडायचं, पार हाडापर्यंत. मग फोमची दोरी दाबून बसवायची. ती का? कारण वरून ओतलेलं रसायन भिंतीला चिकटलं पाहिजे आणि फरशीला चिकटलं पाहिजे, पण बुडाला अजिबात नाही. आपल्याकडची माती पावसात फुगते, थंडीत गोठते, फरशी वर्षभर हलते. दोन बाजू धरल्या तर रबरासारखं ताणतं. तिसरी धरली की फाटलं. आत चावी सोडणं म्हणजे फाटायला आमंत्रण."

"ओतल्यावर?"

"लगेच वर रेती भुरभुरवायची. रेती शेवटी, नेहमी. चकाकी जाते, फरशीशी रंग मिळतो. चारला माझं सगळं संपलं होतं. हवा गार होती, रात्रीपर्यंत ते मधासारखं राहणार, म्हणून दोन्ही बाजूंना नारिंगी शंकू ठेवले, गुडघ्याएवढे. मधे पाटी, 'ओलं आहे', तळहाताएवढ्या अक्षरांत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घाईघाईत उचलून नेलं. आणि पॉप्लरच्या झाडांचा कापूस एवढा उडत होता म्हणून सांगू, मी तीनदा शिव्या घातल्या, दोनदा फ्रेंचमध्ये."

"मार्सेल, तो पट्टा मला कापायचाय. चार बोटं."

तो ट्रकवरून खाली उतरला. "मीच कापतो. दुसऱ्याने कापलेलं बघवणार नाही."

हाल्याच्या मागच्या दारी त्याने पातळ सुरीने दोऱ्याच्या दोन्ही अंगांना चिरा दिल्या आणि रबरी ठोकळा अलगद उचलला. थोराने तो हातात घेतला. चावी त्याच्या पोटात आडवी पडली होती, फोमला टेकून. थोराने ठोकळा उलटा केला, नखाने चावी सोडवली आणि तिच्या खालच्या अंगाला


४. ओत

रेती होती.

रेतीचे पंधरावीस कण आणि त्यांत चेपलेला पॉप्लरच्या कापसाचा एक पुंजका.

मार्सेलने ते बघितलं. मग थोराकडे बघितलं. हसणं त्याच्या दाढीतून हळूहळू बाहेर आलं. "रेती शेवटी," तो म्हणाला.

"कळलं मला. आता गप्प बस आणि हे कोणाला सांगू नकोस."

"मला कोणी सांगेल का?" हाल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"चावी रेतीच्या आधी पडली असती तर रेती चावीच्या वर असती, खाली कशी गेली असती? याने काम संपवलं, रेती टाकली, कापूस येऊन बसला. त्यानंतर कोणीतरी दोरा खिळ्याला अडकवून चावी नेहमीसारखी फटीत सोडली. ओलं होतं. चावी रेती-कापूस घेऊन बुडाली, वरून पुन्हा सारखं झालं."

"नंतर यानेच टाकली नसेल कशावरून?" कुंपणापाशी उभा असलेला डॅरिल बोलला. तो कधी आला ते कोणालाच कळलं नव्हतं.


५. रेती

(डॅरिल कोस्त्युकची उत्तरं. प्रश्न लिहायची गरज नाही.)

"विचारा ना. मी काय घाबरतो?"

"हो, विनिपेगच्या एका दुकानात त्या व्हायोलिनची किंमत विचारली होती. मार्चमध्ये. विचारायला पैसे पडत नाहीत. काकू गेल्यावर ते माझ्याकडेच... म्हणजे, देव करो, शंभर वर्षं जगो काकू."

"पाच ते पंधरा जून उत्तरेला, तळ्यावर. अमेरिकन लोकांना मासे दाखवत होतो. आठ माणसं साक्षीला आहेत, आठही जण सनबर्न झालेले."

"कुंड्या?"

"घातलं की पाणी."

"बरं. नाही घातलं. सोळाला आलो होतो. खिळ्यावर काही नव्हतं. दोरा नाही, चावी नाही. म्हटलं काकू घेऊन गेली असेल. परत गेलो. सांगितलं असतं तर काकू म्हणाली असती, सोळा दिवसांत एकदाच आलास?"

"बघा. म्हणालीच."


६. कॉफी

म्हणजे सोळा तारखेलाच चावी कोणाच्या तरी खिशात होती, आणि कुंड्यांना पाणी मिळत होतं. चावीची जागा हाल्याखेरीज दोघांना माहीत होती. डॅरिलला आणि शेजारच्या स्टेफाला.

स्टेफा बोइचुक ब्याऐंशी वर्षांची होती आणि तिचं स्वयंपाकघर असं की जमिनीवर जेवावं. तिने थोराला न बघताच आवाजावरून ओळखलं, खुर्ची दाखवली, कपात कॉफी ओतली. ओतताना एक बोट कपाच्या काठावरून आत वाकवलेलं. कॉफी बोटाला लागली तशी थांबली.

"चटका नाही बसत?"

"या हातांना? पंचेचाळीस वर्षं दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये पिरोगीच्या करंज्या मुरडतेय मी. परवाच्या मंगळवारी चारशे केल्या. तरुण बायका बघून मुरडतात, म्हणून त्यांच्या उकळताना फुटतात. कड बोटांना कळते, डोळ्यांना नाही."

"परवा म्हणजे सतरा. किती वाजता आलीस घरी?"

"सव्वापाच झाले असतील. हाल्याच्या परसातूनच आले, कुंपणातल्या वाटेने. नेहमीचीच वाट आहे माझी."

"मागच्या दाराशी काही दिसलं?"

"काही नव्हतं गं. नेहमीसारखंच." स्टेफाने ओट्यावरचं पुसलेलं पुन्हा पुसलं. "त्या पोराने नाही नेलं ते. मार्सेलने. सांग त्या पोलिसाला."

"तुला कसं माहीत?"

"चांगला आहे तो." फडका थांबला. "आणि तो ते कशाला चोरेल? त्याच्या आजाचंच होतं ते."

निघताना थोराने गॅरेजकडे बघितलं. दार बंद होतं.

"गाडी नाही काढलीस हल्ली? हॉलला चालत जातेस म्हणे."

"बॅटरी," स्टेफा म्हणाली. "दहा दिवस झाले. बॅटरी गेलीय."


७.

(या प्रकरणात थोराने आपल्या घरी दोन वाडगे सूप प्यायलं, पावसाची तारीख कॅलेंडरवर पुन्हा एकदा बघितली आणि कोणाशीही बोलली नाही. तिला उत्तर सापडलं होतं. आवडलं नव्हतं.)


८. धरणं

सकाळी दहा. शिपाई यायला तास होता. हाल्याने मागच्या फरशीवर पाच खुर्च्या मांडल्या, कारण पाहुणे आले की खुर्च्या मांडायच्या, मग ते कशासाठीही आलेले असोत. मार्सेल बसला नाही. भिंतीलगतच्या चार बोटं रिकाम्या फटीपाशी उभा राहिला. स्टेफा कुंपणाच्या वाटेने आली, पाय जपून टाकत, थेट तिच्या नेहमीच्या खुर्चीपाशी.

"पाण्यापासून सुरू करते," थोरा म्हणाली. "नऊ तारखेला पाऊस पडला. फटीतून पाणी तळघरात गेलं, पेटी भिजली. पेटी उचलून वर नेली तेव्हा ती जिन्यावर काळं पाणी गाळत होती, खाली चार थेंब, वर एक. म्हणजे उचलणारा चढत होता तशी ती निथळत होती. डॅरिल, भिजलेली पेटी किती दिवस ठिबकते?"

"दिवस? तास म्हणा."

"नऊ किंवा दहा तारीख. मार्सेलने इथं पाऊल ठेवलं सतराला. त्याला जर चोरायचं होतं, तर त्याने आठवडाभर ठिबकणारी पेटी नेली. अशी पेटी मी एकोणतीस वर्षांत बघितली नाही."

मार्सेलने श्वास सोडला. हाल्याने त्याच्याकडे न बघता त्याच्यासमोर केकची बशी धरली.

"डॅरिल तळ्यावर होता. तेव्हा चावी तिसऱ्याकडे. आणि तो चोर नव्हता. चोर कुंड्यांना पाणी घालत नाही, चोर चावी जागेवर ठेवायला येत नाही. ज्याला पावसाची काळजी वाटली, जो तळघरात उतरला, पेट्रोचं व्हायोलिन पाण्यात बघून ते वाचवायला बाहेर घेऊन गेला, असा कोणीतरी. हाल्या परत येणार म्हणून आदल्या दिवशी त्याने चावी फटीत सोडली. चारनंतर, ओल्यात."

"पण माझे शंकू होते ना," मार्सेल म्हणाला. "पाटी होती. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. आंधळ्यालासुद्धा..."

तो थांबला.

थोराही थांबली. पुढचं वाक्य तिच्याकडे तयार होतं, पण ते तिचं नव्हतं. पॉप्लरचा कापूस फरशीवरून घरंगळत गेला.

"शंकू होते?" स्टेफाने विचारलं.

"दोन, आजी," मार्सेल हळूच म्हणाला. "नारिंगी."

"नारिंगी." स्टेफाने मान हलवली, जणू कोणी तिला एखाद्या ओळखीच्या माणसाची खबर दिली. "मधलं काही दिसत नाही रे मला. दोन वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. बाकी मला सगळं पाठ आहे."

"स्टेफा!" हाल्या उठली. "आणि तू गाडी चालवतेस?"

"डॉक्टर चाळीस किलोमीटरवर, दुकान बारा किलोमीटरवर. परवाना गेला तर मी काय खुर्चीत बसून मरू? म्हणून नाही सांगितलं." तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "पेटी जड झाली होती पाण्याने. म्हटलं आपल्याकडे कोरडी करू. गॅरेजपाशी खाली ठेवली, आत जागा करायला गाडी मागे घेतली."

हाल्या पुन्हा खुर्चीत बसली.

"आवाज आला," स्टेफा म्हणाली. "पेट्रोने माझ्या लग्नात वाजवलं होतं ते. मला वाटलं, हाल्या आली की सांगेन. हाल्या आली आणि पहिल्यांदा काय ऐकलं मी? डॅरिल पोलिसाशी बोलतोय. मग रोज म्हटलं, आज. मार्सेल, तुझं नाव घेतलं त्यांनी, आणि मी घरात बसून फडका फिरवत होते. त्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही."

"रोज कुठलं, आजी? दोनच दिवस झाले," मार्सेल म्हणाला. "व्हायोलिन कुठंय?"


९. तिसरी बाजू

पिठाच्या पोत्यात होतं. मार्सेलने ते हाल्याच्या टेबलावर उघडलं, सावकाश, एकेक तुकडा. छाती चार ठिकाणी फुटलेली. तारांखालची घोडी गायब. तारा गुंतवळ झालेल्या.

त्याने पाठीची फळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बोटाने ठोकली. कान लावला. पुन्हा ठोकली.

"पाठ अखंड आहे," तो म्हणाला. "मान अखंड. आजोबांनी आत कोरलेलं नाव आहे बघा. छातीची फळी नवी घालावी लागेल. स्प्रूसच्या लाकडाची, मी करतो. हिवाळाभर दुसरं काम तरी काय असतं?"

"वाजेल?" हाल्याने विचारलं.

"वाजेल."

"असं ठाम बोलतोस, जशी काही फटच बुजवायचीय."

"फटच आहे, बाईसाहेब. जिथं चिकटायला पाहिजे तिथं चिकटवायचं, जिथं हलायला पाहिजे तिथं मोकळं सोडायचं. बाकी काही नाही."

हाल्याने तुकडे पुन्हा पोत्यात घालून पोतं त्याच्या हातात दिलं. "मग ने. तुझंच आहे. चौथ्यांदा मागायची वाट नको बघूस. ईस्टरला इथं येऊन वाजवायचं, एवढंच."

बाहेर गाडी थांबली. डॅरिल दाराशी गेला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता एक काम केलं. शिपायाला म्हणाला, "सापडलं हो. चूक माझीच, फोन घाईत केला. कॉफी घ्या." मग मागे वळून, "काकू, शाळेत पण मीच फोन करतो."

मार्सेल पुन्हा मागच्या दारी गेला. कापलेली चार बोटं त्याने खरवडली, फोमचा तुकडा बसवला, ओतलं, रेती भुरभुरवली. दोन नारिंगी शंकू ठेवले. मग जरा विचार करून दोन्ही शंकूंत काठ्या खोवल्या आणि त्यांच्या मधे, कमरेच्या उंचीला, एक दोरी बांधली. ती हाताला लागली असती.

स्टेफा दारात उभी होती. थोरा तिच्या शेजारी.

"मंगळवारी पावणेआठला येते मी," थोरा म्हणाली. "हॉलला सोडते. गुरुवारी दुकानात. डॉक्टरकडे कधी जायचं ते आदल्या दिवशी सांग, मी हळू चालवते."

"तू जसं चालवतेस, त्यापेक्षा पायी चाललेलं बरं."

"मग चाल."

स्टेफा हसली. जुडग्यातून तिने गाडीची चावी काढली. नखाने कडी उकलताना तिने खाली बघितलंही नाही. मग वाकली आणि आधी उघडा तळहात फरशीवर फिरवला, इकडून तिकडे, सावकाश, पिरोगीची कड तपासावी तसा. काँक्रीट. कडक, कोरडं, उन्हाने कोमट.

खात्री झाल्यावर तिने त्यावर चावी ठेवली. टक्क आवाज झाला.